मूठ थोडी सैल धरा

ताई, सप्रेम नमस्कार.

वय 60. रेल्वेत 33 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 21 वर्षं लोकलचा मोटरमन होतो. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. बदलापूरला दोन खोल्यांचं घर आहे, मी आणि मिसेस असे दोघंच. मुलगा-सून पुण्याला असतात. सुनेला सातवा महिना लागलाय.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने फार वाईट गेले. पहाटे पावणेतीनला डोळे उघडायचे. जेवण सात मिनिटांत संपवून उभा राहायचो. मिसेस म्हणायची, "गाडी सुटत नाहीये कुठली, बसा." ती दुपारी तीन ते पाच विणत बसते, हे ऐकून माहीत होतं, पण इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. पावसात एकदा दुपारभर लाइट गेली. टीव्ही बंद. मी तिच्याशेजारी बसून बघत राहिलो आणि म्हटलं, मला दाखव. तेव्हापासून रोज विणतो. एक मफलर पुरा केला. झोप पूर्वीपेक्षा बरी लागते. गाडीखाली आलेली पाच माणसं रोज डोळ्यांसमोर यायची, ती आता कमी येतात.

अडचणी अशा. माझे टाके इतके घट्ट होतात की पुढच्या ओळीला सुई आत शिरत नाही. बोटं दुखतात. खालच्या कट्ट्यावरचे मित्र हसतात. मुलगासुद्धा म्हणाला, "बाबा, गॅलरीत नका बसू ते घेऊन." मेहुणे म्हणतात, रिकामं बसण्यापेक्षा सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर व्हा. मला नातवंडासाठी काहीतरी विणायचंय, पण बदलापूरच्या उकाड्यात लोकरीचं काय करावं कळत नाही. आणि खरं विचारायचं ते हे, की मी आळशी होत चाललोय का?

एक निवृत्त मोटरमन, बदलापूर


दादा, नमस्कार.

टाक्यांपासूनच सुरुवात करते, कारण बोटं दुखत असताना माणसाला बाकीचं काही ऐकू येत नाही.

घट्ट वीण ही जवळपास प्रत्येक नवशिक्याची तक्रार असते. टाका निसटेल या धास्तीने आपण दोरा ओढून धरतो, सुई आवळतो आणि टाका सुईच्या अगदी टोकावर घेतो. टोक निमुळतं असतं. तिथे बनलेला टाका मागे सरकवला की सुईच्या जाड अंगावर ताणला जातो आणि चिकटून बसतो. पुढच्या ओळीला सुई शिरणार कुठून? टाका घेताना दोरा सुईच्या जाड भागावर आला पाहिजे, एवढं एकच एक आठवडा पाहा. दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून घ्या, म्हणजे तो बोटांतून आपला आपण सरकत येतो, चिमटीत धरावा लागत नाही.

सुईचा नंबरही बघा. घरोघरच्या डब्यांत बहुतेक 10 नंबरच्या सुया सापडतात. आपल्याकडच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होत जाते. 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, 8 नंबरची 4 मिलिमीटरची. तुम्ही सध्या 8 नंबर घ्या. शक्य झालं तर बांबूची घ्या. स्टीलच्या सुईवरून टाके सटकतात, म्हणून हात आणखी आवळला जातो. बांबू दोऱ्याला जरा धरून ठेवतो, आणि मग तो तुम्हाला धरून ठेवावा लागत नाही. सुरुवातीचे टाके घालताना दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर घाला आणि मग एक सुई ओढून काढा. पहिली ओळ तिथेच मोकळी होईल.

दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवा. पंजे उघडा, मिटा, खांदे सोडा. रात्री अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, सकाळी ती बधिर वाटत असतील, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता असते. तसं असेल तर बाम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या हाताविषयी. ज्यांनी मोटरमनची केबिन आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लोकलच्या कंट्रोलरची मूठ गाडी चालवताना दाबून धरावी लागते. दाब सुटला की ब्रेक लागतात. चालवणाऱ्याला भोवळ आली तरी मागचे हजारो प्रवासी वाचावेत, म्हणून केलेली ही सोय आहे. एकवीस वर्षं तुमच्या हाताला एकच शिकवण मिळाली, की दाब सोडायचा नाही. ड्युटी संपली, सत्काराचा हार घातला गेला, पण हाताला ते कुणी कळवलं नाही. तो अजून मूठ धरूनच बसलाय. मला वाटतं तुमचे टाके म्हणूनच इतरांपेक्षाही घट्ट येतात. स्वतःवर चिडू नका. सहा महिने म्हणजे एकवीस वर्षांपुढे काहीच नाही.

आणखी एक सवय तुम्हाला छळत असणार असा माझा अंदाज आहे. तुमच्या कामात लाल सिग्नल ओलांडला की पुढे चौकशी आणि शिक्षा. एक चूक आणि सगळी कारकीर्द पणाला. विणताना एखादा टाका सुटला की तुमच्या छातीत तसंच धस्स होतं का? होत असेल तर मुद्दाम एक काम करा. उरलेल्या लोकरीचे 20 टाके घाला, दहा ओळी विणा, मग मधला एक टाका सुईवरून मुद्दाम सोडा आणि हलकेच ताण द्या. तो शिडीसारखा एकेक पायरी खाली उतरत जाईल. थोडा उतरू द्या. मग क्रोशाची सुई त्यात घालून एकेक आडवी पायरी टाक्यातून ओढत वर आणा. वहिनी दाखवतील. दोन मिनिटांत टाका परत जागेवर, आणि कुठे सुटला होता ते शोधूनही सापडणार नाही. विणलेलं कापड म्हणजे सबंध एकाच धाग्याचे एकमेकांत ओवलेले फास असतात. ते उसवलं तर धागा तुमच्या हातात तसाच्या तसा परत येतो. मी आजवर जितकं विणलं त्याच्या निम्मं तरी उसवलं असेल. माझी लोकर त्याने वाया गेली नाही.

दादा, पत्रात पाच माणसांचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात करून पुढे निघून गेलात. मला तसं पुढे जाता येत नाही.

भरधाव लोकल इमर्जन्सी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसतो, हॉर्न वाजतो, ब्रेक लागतो, आणि त्यानंतरचे काही सेकंद चालवणाऱ्याच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. डोळे मात्र उघडे असतात. तुम्ही यातून पाच वेळा गेलात. त्यातली कुठलीही वेळ तुमच्या चुकीची नव्हती, हे तुम्हाला साहेबांनी सांगितलं असेल, वहिनींनीही सांगितलं असेल. तरी मी पुन्हा लिहिते, कारण अशी गोष्ट एकदा ऐकून पुरत नाही.

विणताना ती माणसं कमी दिसतात, हे मला खरं वाटतं. दोन्ही हात गुंतलेले, डोळे सुईवर, मनात टाक्यांची मोजणी. आठवण शिरायला फट फार थोडी राहते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या हातात रुग्णालयांमध्ये सुया आणि लोकर दिली जात असे. खाटेवर बसून विणणाऱ्या त्या जवानांची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. अलीकडे, 2013 साली, ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांवर विणकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणत होते त्यांनी आपल्याला जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं होतं. अर्थात ज्यांना विणायला आवडतं तेच अशा पाहणीला उत्तरं देतात, त्यामुळे तिला मी पुरावा म्हणणार नाही. पण माझा स्वतःचा अनुभव तिच्याशी जुळतो.

तरीही विणकाम म्हणजे उपचार नव्हे. ती दृश्यं स्वप्नात येत असतील, गाडीचा हॉर्न ऐकून अंगाला घाम फुटत असेल, स्टेशनवर जायचं टाळावंसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. बाहेर पडायला जड वाटलं तर घरात बसून 14416 हा नंबर फिरवा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा 2022 साली सुरू झाली. फोन मोफत आहे, केव्हाही करता येतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही हजारो माणसांना रोज सुखरूप घरी पोहोचवलंत. आपलं मन एका तज्ज्ञाच्या हाती सोपवण्यात तुम्हाला कमीपणा वाटू नये.

आता कट्ट्यावरचे मित्र.

1962 च्या हिवाळ्यात मी सहा वर्षांची होते. चीनशी युद्ध सुरू होतं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं घराघरांत म्हटलं जाऊ लागलं. ते शब्द तेव्हा मला कळत नव्हते. मला आठवते ती आमच्या घरात आलेली लोकर. जवानांसाठी देशभर बायका स्वेटर, मोजे, कानटोप्या विणत होत्या, तशी माझी आईही विणत होती. तेव्हा लोकर लडीत यायची. लड सोडवून गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हात पसरून त्यांवर लड धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं. माझे हात पुरत नव्हते, म्हणून वडील धरायचे. दिवसभर कचेरीत फायली उपसलेला तो माणूस संध्याकाळी रेडिओच्या बातम्या ऐकत, हात पुढे करून, अर्धा-अर्धा तास बसायचा. धागा सुटेल तसे हात जरासे डावीउजवीकडे कलते करायचा. शेजारचे काका यायचे, त्यांच्याही हातावर आई लड ठेवायची. कुणी कुणाला हसल्याचं मला आठवत नाही.

मुंबईच्या, अलिबागच्या, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुठल्याही कोळीवाड्यात जा. ओट्यावर बसून जाळं विणणारे हात पुरुषांचे दिसतील. त्यालाही आपण विणणंच म्हणतो. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर घेऊन सणगर मागावर घोंगडी विणत आले, आणि त्या घोंगडीशिवाय आपल्या खंडोबाचं, बिरोबाचं पान हलत नाही. सुयांचंच बोलायचं तर मध्ययुगाच्या शेवटी युरोपात विणकऱ्यांचे जे संघ होते ते पुरुषांचे होते. पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं एक बेट आहे. तिथे टोप्या पुरुषच विणतात. पोरगे लहान वयातच सुया धरायला शिकतात आणि चालताबोलता विणत असतात. युनेस्कोने ती कला 2005 साली मानवी वारसा म्हणून गौरवली. हे सगळं मी कट्ट्यावर जाऊन सांगा म्हणून लिहीत नाही. वाद घालून कुणाचं हसू थांबत नाही. उद्या तिथे जाताना सुया घेऊन जा आणि बोलता बोलता विणत राहा. पंधरा दिवसांत त्यातला एकजण हळूच विचारेल, "हे माझ्या गुडघ्यासाठी होईल का रे?" त्याचं माप घ्या.

मुलाचं जरा वेगळं आहे. त्याने बाबांना केबिनमध्ये पाहिलंय, त्या युनिफॉर्मचा अभिमान बाळगलाय. गॅलरीत लोकर घेऊन बसलेले बाबा त्याला अजून ओळखीचे झालेले नाहीत. त्याच्यावर रागावू नका आणि गॅलरीही सोडू नका. तिथे उजेड चांगला असतो, आणि साठीनंतर काळ्या लोकरीचे टाके मोजायला उजेड लागतो.

मेहुण्यांच्या सल्ल्याचा विचार करताना आधी एक हिशेब मांडा. पेन्शनमध्ये घर चालतंय का? कर्ज आहे का, दवाखान्याचा मोठा खर्च आहे का? पैशांची खरी गरज असेल तर नोकरी घ्या, त्यात काही वाईट नाही. पण घर भागत असेल आणि केवळ लोक रिकामा म्हणतील म्हणून रात्रपाळीचा गणवेश पुन्हा चढवणार असाल, तर निदान पुढचा पावसाळा संपेपर्यंत थांबा. तेहतीस वर्षं तुमचं शरीर दुसऱ्याच्या वेळापत्रकाने उठलं, जेवलं, झोपलं. मोटरमनचा दिवस मिनिटांत मोजला जातो. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. त्या शरीराला आपली भूक कधी लागते, आपली झोप कधी येते हे नव्याने कळायला एक पूर्ण वर्ष तरी द्या.

आळसाचं म्हणाल तर तुमच्या मफलरीचा हिशेब करू. आडवे 40 टाके आणि उभ्या 300 ओळी धरल्या तर 12,000 टाके झाले. त्यातला प्रत्येक तुम्ही हाताने घेतला. कुठलाही टाका आधीच्या टाक्याला ओलांडून पुढे जात नाही, इथे फास्ट लाइन नाहीच. जेवण सात मिनिटांत संपवणारा माणूस 12,000 वेळा थांबला, हे मला फार मोठं वाटतं. मफलरीत कुठे घट्ट, कुठे सैल असेल. ती कुणालाही देऊ नका. स्वतःच्या गळ्यात घाला. वर्षभराने काढून बघाल तेव्हा कुठल्या ओळीपासून हात सुटायला लागला ते तुम्हाला दिसेल.

फक्त दिवसभर बसून राहू नका. पहाटे पावणेतीनची जाग एकदम जायची नाही. जागे झालात तर अंथरुणात कूस बदलत पडण्यापेक्षा उठून बसा, हवं तर चार ओळी विणा. उजाडल्यावर नदीच्या बाजूला तासभर चालून या. विणणाऱ्याची पाठ आणि मान चालण्याने ठीक राहते.

आता बाळ. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, हे कबूल करते.

बाजारात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतांशी अॅक्रिलिक असते. ती खनिज तेलातून निघणाऱ्या रसायनांपासून बनवलेली, प्लॅस्टिकच्याच जातीची. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपी, पण घाम शोषत नाही. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुंबईपेक्षा बराच गारठा असतो, आणि एप्रिलमध्ये पत्रा तापावा तशी हवा. बाळासाठी सुती धागाच घ्या. दुकानात विणायचा सुती धागा मागा आणि गालाला लावून बघा. गालाला टोचला तर बाळाला टोचणारच. सुती धागा लोकरीसारखा ताणत नाही, त्यामुळे त्यावर घट्ट विणलं की फारच कडक होतं. तोवर तुमचा हात सुटलेला हवा, म्हणून पहिले पंधरा दिवस नमुनेच विणा.

नमुना म्हणजे 30 टाके घालून विणलेला चौकोन. तो सपाट ठेवून मधल्या भागावर पट्टी धरा आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा 22 आले. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो. टोपी ताणून बसावी म्हणून ती थोडी कमी धरायची, समजा 32. म्हणजे 70 टाके. पण कडेला दोन सुलट दोन उलट अशी पट्टी घालायची तर टाके चारच्या पटीत हवेत, म्हणून 72 घालायचे. हा हिशेब तुम्हाला आवडेल असं मला वाटतं. एक धोक्याची सूचना. सबंध भाग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणला तर त्याच्या कडा वळतात, खालून पट्टी लागतेच. बाळाच्या कपड्याला लोंबणारी नाडी, सैल बटण, गोंडा काही नको. मोठ्या जाळीची वीण नको, त्यात बोटं अडकतात. आणि टोपी बाहेर नेताना घालायची. घरात झोपलेल्या बाळाला ती ठेवावी की नाही, हे सुनेच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते.

कुंची मोठी असते, ती वहिनींना करू द्या. पहिल्या नातवंडासाठी त्यांच्या मनात तिचा रंगही ठरलेला असेल.

वहिनींचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकते. तीन ते पाच ही वेळ त्यांची होती. कित्येक वर्षं त्या दोन तासांत त्यांना कुणी हाक मारली नाही. डबा झाला, धुणं झालं, मुलगा शाळेत, मग कॉलेजात, तुम्ही ड्युटीवर. त्या दोन तासांत आता एक विद्यार्थी शेजारी येऊन बसलाय. तो दर चार ओळींनी विचारतो, हे बघ बरं काय झालं. त्यांनी तुम्हाला आनंदाने शिकवलं यात मला शंका नाही. पण त्यांच्या हातात जे विणकाम होतं ते या चार महिन्यांत किती पुढे सरकलं, हे एकदा बघा. तुमच्या पत्रात त्या काय विणतायत हे आलेलं नाही.

आठवड्यातले दोन दिवस ते दोन तास त्यांना परत द्या. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, अडलात तर अडून राहा, संध्याकाळी विचारा. पाचचा चहा तुम्ही करा. इतकी वर्षं त्यांच्या हाताचा चहा पिऊन तुम्ही ड्युटीवर गेलात. उकळी येईपर्यंत पातेल्याशेजारी उभं राहायला तुम्हाला आता वेळ आहे.

आणि बाळासाठी धागा आणायला जाल तेव्हा दोघं मिळून जा. दुकानात तयार गुंडे पुढे करतील, पण लड मिळत असेल तर लड घ्या. घरी आल्यावर खुर्ची वहिनींच्या समोर ओढा, दोन्ही हात पुढे करा आणि त्यांना लड हातांवर घालू द्या. मुठी मिटू नका, मिटल्या तर धागा अडतो. बोटं उघडी, अंगठे वर, कोपरं सैल. त्या ज्या बाजूने ओढतील त्या बाजूला हात थोडा कलता करा. अर्धा तास लागेल. त्या किती वेगाने गुंडाळतील ते त्यांच्यावर सोडा.

तुमची,
ताई